डाव्या पानावर अळिंबी

२८ सप्टेंबर

नवी वही. डाव्या पानावर अळिंबी, उजव्या पानावर घर. दोन्हींची सरमिसळ करायची नाही.

गेल्या हिवाळ्यात काय झालं ते एकदाच लिहून टाकते. जानेवारीत न्हाणीघराचा नळ फुटला, सरपण संपलं आणि खिडक्यांच्या फटींतून असा वारा आला की स्वयंपाकघरात भरून ठेवलेल्या पाण्यावर बर्फाची साय धरली. सहा आठवडे आम्ही वन्संच्या मागच्या खोलीत काढले. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, खाली गावात राहते. सहाही आठवडे रोज सकाळी त्यांनी विचारलं, "झोप लागली का ग? आमचं घर तुमच्यासारखं हवेशीर नाही, म्हणून विचारते हो."

यंदा ह्या घरातून हलायचं नाही. फटी बुजवायच्या, नळांना गोणपाट गुंडाळायचं, बटाटे वाळूत पुरायचे, दुप्पट सरपण फोडायचं. आणि रस्ता बंद झाल्यावर दोन महिने ताजं म्हणून काही मिळत नाही, त्यावर उपाय म्हणून घरात अळिंबी लावायची. कॉलेजात दोन वर्षं बुरशी हाच माझा खास विषय होता. त्यानंतरची अडतीस वर्षं मी बुरशी फक्त शिळ्या पावावर पाहिली.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तू म्हणशील ते." हे टेलिफोन खात्यात तारा ओढायचे. उभा जन्म खांबावर गेला, त्यामुळे जमिनीवरच्या कोणत्याही बाबतीत त्यांना मत नसतं.

४ ऑक्टोबर

डावं पान. गव्हाचं काड चार बोटं लांब कापलं, भिजवलं, पत्र्याच्या पिंपात कढत पाण्यात दीड तास ठेवलं. मग निथळायला पसरायचं होतं. ह्यांना म्हटलं, स्वच्छ चादर आणा. ह्यांनी लेकीने पाठवलेली, अजून घडी न मोडलेली चादर आणली.

"स्वच्छ म्हणालीस," हे म्हणाले.

"डोकं वापरायलाही म्हणायला हवं होतं का?"

"ते तुझ्याकडे असतं. मी फक्त ने-आण करतो."

चौदा पिशव्या भरल्या. एक थर काड, एक थर बियाणं. हे बियाणं म्हणजे पांढऱ्या बुरशीने वेढलेले गव्हाचे दाणे. त्यांचा वास पावसात भिजलेल्या लाकडासारखा येतो. तो वास आला आणि मला प्रयोगशाळेतलं टेबल आठवलं, खिडकीजवळचं, तिसरं. विशेष काही नाही, नोंदवून ठेवते.

पिशव्या मधल्या खोलीत टांगल्या. ती खोली शेगडीच्या पाठीमागे आहे, म्हणून उबदार. तिच्यात आणि आमच्या निजायच्या खोलीत दार नाही, पडदा आहे. सोयीचं आहे, उठल्या उठल्या फवारा मारता येईल.

११ ऑक्टोबर

उजवं पान. सुतार आला होता. सगळ्या खिडक्यांना नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्या, वर चिकटपट्टी, दाराखाली रबर. दिवसभर मी त्याच्या मागे मेणबत्ती घेऊन फिरत होते. ज्योत हलली की तिथे पुन्हा पट्टी. सुताराने संध्याकाळी हत्यारं आवरताना विचारलं, "बाई, श्वास घ्यायला एखादी फट ठेवू का?"

"श्वास नाकाने घेतात," मी म्हटलं.

तो ह्यांच्याकडे बघून हसला. हे त्याच्याकडे बघून हसले. दोघांनाही चहा दिला, एकालाही साखर जास्त घातली नाही.

शेवटी मेणबत्तीची ज्योत बारा मिनिटं हलली नाही. असं घर ह्या डोंगरावर दुसरं नसेल.

१९ ऑक्टोबर

डावं पान. तेरा पिशव्या आतून पांढऱ्या होत चालल्या आहेत. चौदावीत हिरवी बुरशी दिसली, लगेच अंगणाच्या टोकाला पुरली. हळहळ करण्यात अर्थ नसतो, पण थोडी झाली.

उजवं पान. सरपण छपराखाली रचून झालं. हे रचताना शीळ घालत होते. अंगणात हरकत नाही, घरात घालायची नाही असा नियम लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून आहे. ह्यांची शीळ मोठी आहे, खांबावरून खालच्या माणसाला ऐकू जाण्यासाठी कमावलेली, आणि सुराशी तिचं कधीच जमलं नाही.

२७ ऑक्टोबर

डावं पान. कोंब आले. सहाव्या पिशवीच्या भोकातून, टाचणीच्या डोक्याएवढे, राखाडी, बावीस मोजले. दिवसातून तीनदा फवारा.

मी फवारत असताना हे पडद्याआडून म्हणाले, "आज गाणं कोण म्हणतंय?"

"कुणी नाही."

"मग मला कान वाजण्याचा त्रास सुरू झाला वाटतं. वाईट नाही वाजत."

मी गुणगुणत नाही. मला ती सवय नाही.

२ नोव्हेंबर

डावं पान. पहिली तोडणी. भरून एक टोपली. लोण्यावर परतली, मिरपूड टाकली. ह्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि बोटं चाटली, ती चाटू नयेत असं मी साठ वर्षांच्या माणसाला सांगायला नको. एक टोपलीभर वन्संना धाडली. फोन आला, "चांगली आहे ग. विकतच्यासारखी लागते." त्यांच्याकडून हे फार झालं.

पडद्याजवळच्या पिशवीतला एक घोस तोडला नाही. किती मोठा होतो ते पाहायचं आहे. ह्यांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. "काम काही नाही, उबेत बसून पाणी प्यायचं आणि फुगायचं." आमचा खरा जावई तसा नाही, पण हे नाव लेकीला कळू नये म्हणजे झालं.

८ नोव्हेंबर

उजवं पान. ह्यांना सकाळपासून कोरडा खोकला. टोपी न घालता शेळ्यांच्या गोठ्यात जातात, दुसरं काय होणार. आल्याचा काढा दिला.

कपाटावर पांढरी भुकटी दिसली, उशीच्या अभ्र्यावरही. पीठ. ह्यांना विचारलं, पिठाचे हात घेऊन निजायच्या खोलीत कशाला आलात. म्हणाले, पिठाला हात लावलेला नाही. मग काय पीठ चालत आलं? ओल्या फडक्याने पुसलं.

डावं पान. जावईबापू तळहाताएवढे झाले, कडा वर वळल्या आहेत. देखणे दिसतात.

१५ नोव्हेंबर

उजवं पान. खोकला आहेच. शेगडीच्या धुराने असेल म्हणून धुराडं साफ करून घेतलं. अर्धी बादली काजळी निघाली, खोकला होता तिथेच. रोज संध्याकाळी कणकण येते, सकाळी जाते. सरपण फोडायला जातात आणि ओंडक्यावर बसून राहतात. विचारलं तर म्हणतात, लाकूड ओलं आहे.

पट्ट्यांवरून पुन्हा एकदा मेणबत्ती फिरवली. निजायच्या खोलीत एका कोपऱ्यात ज्योत किंचित हलली, तिथून गार वारा येत असणार. दुहेरी पट्टी लावली.

एक गोष्ट चांगली. आठवडाभर शीळ नाही. शांततेत कामं भराभर उरकतात.

२३ नोव्हेंबर

उजवं पान. हे तीन दिवस वन्संकडे होते, त्यांच्या तुंबलेल्या मोरीचं काम करायला. काल परतले ते तजेलदार होऊन. पिशवी खांद्यावर टाकून चढ चढून आले. वन्संचा फोन पाठोपाठ. "माझ्याकडे एकदाही खोकला नाही बरं का. भावाला जपायला लागतं, नुसतं कामाला लावून चालत नाही."

मी म्हटलं, "बरं."

रात्रीपासून पुन्हा खोकला, आज ताप. निष्कर्ष स्पष्ट आहे. तिथे बहीण हातात ताट देते, इथे कुऱ्हाड हातात असते. मन कंटाळलं की शरीर त्याचं ऐकतं. मी तसं ह्यांना बोलूनही दाखवलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले. आता लिहिताना वाटतं, थोडं कमी बोलले असते तर चाललं असतं.

डावं पान. तिसरी तोडणी, सगळ्यात मोठी. दोन घोस जावईबापूंच्या शेजारी ठेवले आहेत. लेकीला फोनवर वर्णन केलं. ती म्हणाली, "आई, तू किती बोलतेस आज."

२ डिसेंबर

उजवं पान. बर्फ. रस्ता बंद होण्याच्या बेतात. घरात पारा एकोणीसवर स्थिर, बाहेर शून्याखाली पाच. गेल्या वर्षीच्या तुलनेत हा विजय आहे आणि ह्या विजयात मी एकटी बसले आहे. ह्यांनी पाच दिवसांपूर्वी बिछाना गोठ्यात नेला. करडी शेळी व्यायला झाली आहे म्हणे, लक्ष ठेवायला हवं.

"तिला अजून महिना आहे," मी म्हटलं.

"पहिलटकरीण आहे. घाबरते."

"तुमच्यापाशी तक्रार केली का तिने?"

"डोळ्यांत दिसतं."

अडतीस वर्षांत माझ्या डोळ्यांत काही दिसल्याचं ह्यांनी कधी सांगितलेलं नाही. गोठ्यात खालून वारा येतो, फळ्यांमधून बर्फाची भुकटी येते. तिथे दोन गोधड्या घालून हा माणूस झोपतो आणि मी कष्टाने उबदार केलेल्या घरात येतो तो फक्त जेवायला. जेवतानाही घाईत असतो. मी काय चुकले, हे मी विचारणार नाही. पण वहीत लिहायला हरकत नाही: मी काय चुकले?

९ डिसेंबर

उजवं पान. गोठ्यात फार गारठा झाला म्हणून परवा मी बिछाना उचलून घरात आणला. वाद घातला नाही, सरळ आणला. हे मागोमाग आले.

आज दुपारी स्वयंपाकघराच्या तीन पायऱ्या चढताना दुसऱ्या पायरीवर बसले. ओठ जांभळट. मी घड्याळ समोर धरून श्वास मोजले. मिनिटाला एकतीस. पुन्हा मोजले, एकतीस.

"बोला काहीतरी," मी म्हटलं.

हात वर करून थांब अशी खूण केली. मग म्हणाले, "मोजून झालं... की सांग... पास का नापास."

दूधगाडीवाल्याला निरोप धाडला आहे. उद्या साखळ्या लावून चाकं चालली तर आम्हाला खाली नेईल. डावं पान आज भरलेलं नाही.

१० डिसेंबर

क्रमाने लिहिते.

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाची आहे. ह्यांना तपासलं, छातीचा फोटो काढला, बोटाला यंत्र लावलं आणि मला विचारलं, "कधीपासून?"

"आठ नोव्हेंबर, सकाळपासून."

"इतकं नेमकं?"

"लिहिलंय." मी वही काढली.

"घरात काही नवीन आणलं? पक्षी, रंग, गालिचा, कसली पावडर?"

"काही नाही. घर माझ्या हाताखाली आहे."

तिने वाचायला सांगितलं. मी उजवी पानं वाचली. वन्संकडचे तीन दिवस आले तेव्हा तिने लिहिणं थांबवलं. "तिथे खोकला नव्हता? आणि गोठ्यात?"

"गोठ्यात बरं असतं," हे म्हणाले.

"मला नाही सांगितलंत."

"तू शेळीबद्दल विचारत होतीस."

डॉक्टरीणबाई वहीकडे बघत म्हणाली, "ह्या बाजूला काय आहे?"

"ती अळिंबी. तिचा ह्याच्याशी संबंध नाही."

असं मी म्हणाले. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते, कारण हे मला विसरायचं नाही.

"तेही वाचा ना," ती म्हणाली, "तारखांसकट."

मी वाचलं. दोन नोव्हेंबर, एक घोस तोडला नाही. आठ नोव्हेंबर, कडा वर वळल्या. तेवीस नोव्हेंबर, आणखी दोन घोस ठेवले. तिथे माझा आवाज थांबला. तिला पुढे काही सांगावं लागलं नाही.

कॉलेजात पहिल्या वर्षी आम्ही अळिंबीची छत्री काळ्या कागदावर पालथी ठेवायचो, वर काचेचा वाडगा. सकाळी छत्री उचलली की कागदावर पांढऱ्या रेघांचं चक्र उमटलेलं असायचं. बीजाणू. एका छत्रीतून कोट्यवधी, धुरापेक्षा हलके. परीक्षेत हे आकृतीसह लिहून मी वर्गात पहिली आले होते. आणि ह्यांच्या उशीवरचे बीजाणू मी पीठ म्हणून पुसले. मोठी छत्री जास्त झडते, तीही मला माहीत असलेली गोष्ट. तीच मी ह्यांच्या डोक्यापासून चार हातांवर, पडद्याआड, पाणी घालून वाढवली. आणि ती भुकटी बाहेर जाऊ नये म्हणून मेणबत्ती घेऊन एकेक फट शोधली.

फुप्फुसांना सूज आहे. बीजाणू काहींच्याच फुप्फुसांना सोसत नाहीत, म्हणून मला काही झालं नाही म्हणाली. गोळ्या दिल्या आहेत. वेळेत आलात म्हणाली, आणखी महिना गेला असता तर फुप्फुसं कायमची आखडली असती. घर धुऊन निघेपर्यंत ह्यांनी त्या हवेत जायचं नाही.

ह्यांना वन्संच्या मागच्या खोलीत सोडलं. दारात त्यांनी मला पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाल्या, "तू जेवलीस का?"

ह्यांना सोडून मी दूधगाडीने परत वर आले.

११ डिसेंबर

नाकातोंडाला ओलं फडकं बांधून तेरा पिशव्या बाहेर काढल्या. प्रत्येक पिशवी आधी पाण्याने भिजवली, मग मोठ्या गोणीत घातली, मग अंगणाच्या टोकाला नेली. तिथली जमीन गोठलेली होती, पहार लागली. चौदाव्या पिशवीजवळच बाकीच्या पुरल्या. जावईबापू सगळ्यात शेवटी. बशीएवढे झाले होते. मी ते रागाने फेकणार होते, तसं झालं नाही. हाताने ठेवले.

नंतर खिडक्या. चिकटपट्टी सुरीने खरवडून काढावी लागते. मी लावून घेतलेली, त्यामुळे सहजी निघत नाही. सुतार वाटेवरून जात होता, आवाज ऐकून आत आला. बर्फ पडत असताना सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि मी स्टुलावर. काही न विचारता त्याने पटाशी काढली आणि दुसऱ्या खिडकीला लागला. काम संपल्यावर मात्र म्हणाला, "बाई, परत बसवताना?"

"दोन बोटं जागा ठेवा. प्रत्येक खिडकीला."

"वारा येईल."

"येऊ द्या."

१९ डिसेंबर

भिंती तीनदा पुसल्या. गाद्या उन्हात, पडदे उकळत्या पाण्यात. घरात पारा अकरा. पिंपातलं पाणी गोठलेलं नाही, एवढंच. वन्सं फोनवर रोज श्वास मोजून सांगतात. सव्वीस. चोवीस. मी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून घड्याळ धरलं. आज बावीस.

२८ डिसेंबर

दूधगाडीने हे घरी आले. डॉक्टरीणबाईने परवानगी दिली आहे. मधल्या खोलीत गेले, पिशव्या टांगायच्या रिकाम्या आकड्यांकडे पाहिलं.

"सगळ्या?"

"सगळ्या."

"जावईबापूसुद्धा?"

"बसा. मला विचारायचं आहे. गोठ्यात बरं वाटतं, घरात वाटत नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

पायताणं काढायला त्यांनी नको इतका वेळ घेतला. "ताईकडून आलो तेव्हा. पडद्याजवळ गेलो की छाती भरायची. तुझ्या पिशव्यांचं काहीतरी असेल, असा संशय आला."

"आणि बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस."

"अर्थात बंद केलं असतं. म्हणूनच बोलायचं असतं. खांबावर तारेत वीज आहे असा संशय आला तर गप्प बसत होतात का?"

"नाही."

"मग?"

"खांब कधी सकाळी उठून गुणगुणला नाही," हे म्हणाले. "तू रोज गुणगुणायचीस. फवारा मारताना. अख्ख्या संसारात मी ते ऐकलं नव्हतं. म्हटलं, शेळीचं बाळंतपण होईपर्यंत निभावू, मग बघू."

ह्यावर मला बरंच बोलता आलं असतं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी मला सांगायचं. त्याच दिवशी. ऐकलंत?"

"ऐकलं."

"टोपी घाला. घरात गार आहे."

६ जानेवारी

रस्ता बंद. शेळी व्याली, दोन करडं. ह्यांनी दुपारी खिडकीखाली झोप काढली, खिडकी दोन बोटं उघडी. मी कोट घालून समोर बसले आणि बटाटे सोलण्याऐवजी घड्याळ धरलं. अठरा. खोकला एकदाही नाही. गोधडीवर बर्फाचे चारदोन कण आले होते, ते झटकले.

बटाटे पुरतील. गाजरं महिनाभर. ताजं काही नाही. चालेल.

१८ जानेवारी

डावी पानं आता कोरीच राहतात. वही वाया घालवायची नाही, म्हणून आजपासून दोन्ही पानांवर घरच लिहीन.

सकाळी हे सरपणाच्या छपराखाली गेले होते. कुऱ्हाड उचलायची नाही असं बजावलं आहे, लहान ढलप्या आणायला परवानगी आहे. मी स्वयंपाकघरात होते. खिडकीच्या फटीतून शीळ ऐकू आली. दोन ओळी, मग दम घ्यायला थांबले, मग पुढच्या दोन. सूर नेहमीसारखाच भलतीकडे. तसेच शीळ घालत पायऱ्या चढले, तिन्ही न थांबता, आणि घरात आले तरी बंद केली नाही. नियम त्यांना माहीत आहे. माझ्या हातात कणीक होती, मी मळत राहिले.

"कुठली चाल आहे ही?" नंतर विचारलं.

"तुझीच. फवाऱ्याची."

शक्य नाही. मी गुणगुणत नाही.